अवसेचा चंद्र आणि समुद्राचे उधाण

॥ श्री गणेशाय नमः ॥



गणेशोत्सव जवळ आला की मंदिरात एक प्रश्न हमखास विचारला जातो: "यंदा चतुर्थी नक्की कधी?" 2025 साली तर या प्रश्नाने बऱ्याच घरांत वाद झाले. भारतात गणपती 27 ऑगस्टला बसले आणि इथे पंचांगाप्रमाणे प्रतिष्ठापना 26 ऑगस्टला होती. "आमच्या आईने फोनवर सांगितले उद्या, आणि तुम्ही म्हणता आज!" अशी तक्रार अनेकांनी केली. काहींना वाटले, मंदिराने सोयीसाठी दिवस बदलला. तसे मुळीच नव्हते. चतुर्थी तिथी भारतात 26 तारखेला दुपारी दोनच्या सुमारास लागली आणि 27 तारखेला दुपारी पावणेचारच्या सुमारास संपली. पार्थिव गणेशपूजेला मध्यान्हकाळची चतुर्थी लागते. भारतात 26 तारखेचा मध्यान्ह थोडक्यात हुकला, म्हणून पूजा 27 ला. आपल्याकडे, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, तीच चतुर्थी 26 तारखेला पहाटे साडेचारच्या आत लागली आणि 27 तारखेला सकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. म्हणजे आपल्या मध्यान्हीची चतुर्थी 26 लाच. आकाशातला क्षण एकच, पण त्या क्षणी आईच्या घड्याळात दुपार असते आणि आपण झोपेत असतो.

तिथी ही मुळात तारीख नव्हेच. ते आकाशातले अंतर आहे. सूर्य आणि चंद्र यांच्यात बारा अंशांचे अंतर पडले की एक तिथी पुरी होते. असे तीस टप्पे झाले की महिना पुरा, त्याला सरासरी साडेएकोणतीस दिवस लागतात. चंद्राची चाल सारखी नसते, म्हणून एखादी तिथी वीस तासांत आटोपते तर एखादी सव्वीस तास रेंगाळते. म्हणून तर क्षय आणि वृद्धी. मुंबईचा चंद्रोदय पाहून बॉस्टनमध्ये संकष्टी सोडणारे आपल्यात आजही आहेत. गणराय त्यांचा उपवास मानून घेत असतील, पण चंद्र काही आपल्या खिडकीत त्या वेळी आलेला नसतो. फ्रिजवरच्या कालनिर्णयावर आपले सर्वांचे प्रेम आहे, तरी चंद्रोदयाची वेळ आपल्या गावाची पाहावी, एवढी विनंती.

मुले विचारतात की चंद्र लहान का होतो. त्याला उत्तर देताना बरेच पालक "पृथ्वीची सावली पडते" असे सांगून मोकळे होतात. ते चूक आहे. सावली पडते ती ग्रहणात. कलांचा आणि तिचा संबंध नाही. घरी रात्री एकच दिवा लावा, एका मुलाच्या हाती नारळ द्या आणि हात लांब करून त्याला स्वतःभोवती सावकाश फिरायला सांगा. नारळ दिव्याच्या दिशेला आला की त्याला दिसणारी बाजू काळोखी, ती अमावास्या. दिव्याकडे पाठ केली आणि नारळ डोक्यापेक्षा थोडा वर धरला की पूर्ण उजळ, ती पौर्णिमा. मध्ये अर्धी उजळ, ती अष्टमी. या सगळ्या वेळात नारळाची दिव्याकडची अर्धी बाजू उजळलेलीच असते. बदलते ते फक्त आपल्याला दिसणारे.

पुराणात ही गोष्ट वेगळ्या भाषेत येते. दक्षाच्या सत्तावीस कन्या, म्हणजे सत्तावीस नक्षत्रे, सोमाला दिलेल्या. त्याचे मन एकट्या रोहिणीवर. बाकीच्या बहिणी पित्याकडे गाऱ्हाणे घेऊन गेल्या, दक्षाने क्षयाचा शाप दिला आणि चंद्र झिजू लागला. तो झिजला तशा वनस्पती सुकल्या, प्रजा कृश झाली, तेव्हा देव मध्यस्थीला आले. महाभारतातल्या शल्यपर्वात उःशाप सांगितला आहे तो असा: सरस्वती जिथे सागराला मिळते त्या प्रभासक्षेत्री स्नान कर, अर्धा मास झिजशील, अर्धा मास वाढशील. आजचे सोमनाथ तेच. मला या कथेत नेहमी एक गोष्ट विशेष वाटते. चंद्राला औषध सापडले ते समुद्राच्या पाण्यात, आणि तो तिथे स्नानाला येतो ती तिथी अमावास्या. समुद्रमंथनाच्या कथेप्रमाणे चंद्र सागराचाच पुत्र. म्हणजे आजारी मुलगा घरी परत येतो तो दिवस अवसेचा.

आता सागराकडे वळू. कोकणातल्या माणसाला भरती-ओहोटी शिकवावी लागत नाही. तो तिथी विचारतो आणि पाऊणपट करतो. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाला, द्वादशीला नऊला. पौर्णिमेला आणि अवसेला बाराच्या आसपास. कारण सोपे आहे. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच मागे सरकते. गंमत म्हणजे हे गणित आपल्या बॉस्टनलाही बऱ्यापैकी लागू पडते. उन्हाळी वेळेत पौर्णिमेची भरती इथे दुपारी बारा-साडेबाराला येते, हिवाळी वेळेत तासभर आधी. न्यूयॉर्कच्या बंदरात मात्र ते चालत नाही, तिथे वेळ वेगळी. किनाऱ्याचा आकार आणि समुद्राची खोली जसजशी बदलते तसा पाण्याचा स्वभाव बदलतो. बॉस्टनला पाणी सरासरी साडेनऊ फूट चढते-उतरते. वर कॅनडात फंडीच्या उपसागरात पन्नास फुटांवर, आणि टेक्सासच्या गॅल्व्हस्टनला जेमतेम दीड-दोन फूट. शिकागोकरांना विचाराल तर मिशिगन सरोवराला चंद्रामुळे येणारी भरती पाच सेंटिमीटरही नाही.

दिवसातून दोनदा भरती का, हा प्रश्न मला स्वतःला फार वर्षे छळत होता. चंद्र तर एका बाजूला. उत्तर असे, की चंद्राची ओढ जवळच्या पाण्यावर अधिक, पृथ्वीच्या मध्यावर मध्यम आणि पलीकडच्या पाण्यावर सर्वांत कमी. म्हणून जवळचे पाणी पुढे ओढले जाते, पलीकडचे मागे राहते, आणि दोन्हीकडे फुगवटा येतो. न्यूटनने 1687 साली याची उपपत्ती दिली. सूर्यही ओढतो, पण चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अष्टमीला सूर्य आणि चंद्र काटकोनात असतात, ओढी एकमेकींना मारतात आणि भरती मंदावते. त्याला आपल्याकडे भांग म्हणतात. पौर्णिमेला आणि अमावास्येला तिघे एका रेषेत येतात, ओढी मिळतात आणि उधाण येते. सर्वांत मोठे पाणी एक-दोन दिवस मागून येते, हेही कोळी जाणतात.

विष्णुपुराणाच्या दुसऱ्या अंशात या विषयावर एक विधान आहे, ते वाचून मी थबकलो होतो. शुक्ल आणि कृष्ण पक्षांत समुद्राचे पाणी चढते-उतरते, पण वस्तुतः ते वाढतही नाही आणि घटतही नाही, असे तिथे म्हटले आहे. चढउताराचे माप पाचशे दहा अंगुळे दिले आहे, म्हणजे साधारण दहा मीटर. खंभातच्या आखाताच्या वरच्या टोकाला पाणी खरोखर तसे खेळते. कारण मात्र तिथे चुलीवरच्या भांड्यातल्या तापल्या पाण्यासारखे फुगणे असे दिले आहे, आणि ते आज टिकत नाही. ते मान्य करण्यात पुराणाचा अपमान होतो असे मला वाटत नाही. "सगळे आमच्याकडे आधीच होते" हा हट्ट धरणारे आणि "सगळे थोतांड" म्हणणारे, दोघेही तो अध्याय उघडत नाहीत. मूळ निरीक्षण मात्र खरे आहे. इथे चढलेले पाणी दुसरीकडून आलेले असते.

गिरगाव चौपाटीवरचे अनंत चतुर्दशीचे विसर्जन नेहमी उधाणाच्या पाण्यात होते, कारण चतुर्दशी पौर्णिमेला लागून असते. 2025 साली लालबागचा राजा चौपाटीवर पोहोचला तो 7 सप्टेंबरला, भाद्रपद पौर्णिमेच्या दिवशी. भरती चढलेली होती, मूर्ती तराफ्यावर घेता येईना आणि विसर्जन कित्येक तास खोळंबले. रात्री नऊच्या सुमारास ते झाले. त्याच रात्री भारतात खग्रास चंद्रग्रहण होते. लाखो लोक पाण्याकडे पाहत थांबले. भक्ती कितीही असली तरी ओहोटी तिच्याच वेळेला येते. आपल्यापैकी जी कुटुंबे परवानगी घेऊन किनाऱ्यावर विसर्जनाला जातात, त्यांनी 'नोआ'चे भरतीचे वेळापत्रक आधी पाहावे. इथले पाणी थंड असते आणि लहान मुले बरोबर असतात.

आता ज्या प्रसंगामुळे हे लिहायला घेतले तो सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्या परिवारातले एक आजोबा मुलाकडे आले होते. मूळचे देवगडकडचे, आयुष्य समुद्राकाठी गेलेले. इथे छातीत दुखू लागले, तपासण्या झाल्या आणि बायपासची तारीख मिळाली ती नेमकी दिव्यांच्या अवसेची. आजोबा म्हणाले, "अवसेला अंगाला सुरी लावू देणार नाही." डॉक्टर थांबायला तयार नव्हते. सूनबाई रडकुंडीला आल्या. मला घरी बोलावले ते शास्त्राधार द्यायला. मी देण्याच्या आतच बारा वर्षांचा नातू आजोबांशेजारी जाऊन बसला. त्याने विचारले, "आजोबा, अवसेला तुमच्याकडे पाणी किती चढते?"

"पुनवेइतकेच. उधाण असते ना."

"मग चंद्र कुठे असतो तेव्हा?"

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. सत्तर वर्षे ज्या गणितावर होड्या हाकल्या, त्याच गणितात उत्तर होते. दिसत नाही म्हणून चंद्राची ओढ रतीभरही कमी होत नाही. मग मी एवढेच म्हटले, की आजोबा, आपण लक्ष्मीपूजन करतो ती तिथी कोणती? आश्विन अमावास्या. दिव्यांच्या अवसेला तर आपण घरातले सारे दिवे घासून त्यांची पूजा करतो. ज्या धर्माने काळोख्या रात्री दिवे पुजायला शिकवले, त्या धर्माच्या नावाने आपण त्या रात्रीला भ्यावे काय?

ऑपरेशन ठरल्या दिवशी झाले. आजोबा बरे झाले. ते अवसेच्या गुणाने बरे झाले असे मी म्हणणार नाही, आणि तसे न होता तर तो अवसेचा दोषही नसता. श्रेय डॉक्टरांचे आणि वेळेत दिलेल्या होकाराचे.

याच्या उलट एक फॅशन हल्ली दिसते. शरीरात सत्तर टक्के पाणी, म्हणून पौर्णिमेला मनाला भरती येते, असे सांगणारे संदेश फिरतात. मिशिगनसारख्या प्रचंड सरोवराला जो चंद्र पाच सेंटिमीटर हलवू शकत नाही, तो आपल्या पेलाभर रक्ताला काय हलवणार! पुरुषसूक्तात चंद्र विराट पुरुषाच्या मनापासून जन्मला असे म्हटले आहे, ते खरे. पण तो मनाच्या स्वभावाविषयीचा बोध आहे. मन चढते-उतरते, आणि त्याचे खापर चंद्रावर फोडणे सोयीचे पडते. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती सांगताना नक्षत्रांत चंद्र मी म्हणतात आणि तीनच श्लोकांनंतर जलाशयांत सागर मी म्हणतात. ओढणारा तोच आणि ओढला जाणाराही तोच. दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला समुद्राची उपमा आहे, ज्यात नद्या शिरतात आणि तो मर्यादा सोडत नाही. उधाणातही पाणी आपल्या वेळेला परत फिरतेच. सासू-सुनेच्या, नोकरी-व्हिसाच्या भरती-ओहोटीत आपण सगळेच सापडतो. तेव्हा ही उपमा मला कामी आली आहे, म्हणून सांगतो.

त्या वर्षीच्या दिवाळीत पाडव्याला आजोबांनी हट्ट धरला की मला समुद्रावर न्या. घरच्यांनी स्वेटर, मफलर, कानटोपी चढवून रिव्हियर बीचला नेले. साडेबाराची वेळ. ते कठड्याला धरून उभे राहिले आणि पाणी कुठवर आले आहे ते पाहून नातवाला म्हणाले, "अजून अर्धा वीत चढेल, मग फिरेल." दोघे थंडीत तिथेच थांबले. सूनबाई गाडीतून हाका मारत होत्या, पण पाणी फिरेपर्यंत दोघांपैकी कोणी हलले नाही.