भिंतीत कोण उभं आहे?



लोणावळ्याहून पुण्याला निघालेली सकाळची लोकल वडगावला थांबते. याच वडगाव मावळात जानेवारी 1779 मध्ये मराठ्यांनी इंग्रजांना तह करायला लावला. तेव्हा पुण्याचा कारभार नाना फडणवीस पाहत होते. मावळच्या आठवणीतले नाना मुत्सद्दी आहेत.

1972 साली पुण्यात वेगळेच नाना रंगमंचावर आले. नाटक विजय तेंडुलकरांचं, ‘घाशीराम कोतवाल’. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं. वाद पेटला. नाटक करणाऱ्या संस्थेनं प्रयोग थांबवले; मग थिएटर अकादमीनं नाटक पुन्हा उभं केलं. इतिहासाची बदनामी झाली, असं म्हणणाऱ्यांचं दुःख खोटं नव्हतं. पण नाटकाचा रोख एकट्या नानांवर नव्हताच.

रंगमंचावर माणसांचीच एक भिंत आहे. ती गाते, नाचते, डोलते. पुण्यात अपमान झालेला घाशीराम सुडासाठी पोटची मुलगी नानांच्या हवाली करतो आणि कोतवाल होतो. ज्याच्यावर अन्याय झाला, तोच अन्याय करू लागतो. शेवटी जमाव त्याला ठेचतो. नाना मात्र सुखरूप.

आणि भिंत? सगळं पाहते. सोयीनं पाठ फिरवते. प्रेक्षक तिच्या तालावर मान डोलावतो आणि मध्येच चपापतो. त्या भिंतीत कोण उभं आहे?

कचेरीत एखाद्यावर खोटा आळ येतो. सोसायटीच्या सभेत एखाद्याला गप्प केलं जातं. तेव्हा त्या भिंतीत कोण उभं असतं?

श्रोतेहो, आज असा प्रसंग आला, तर निदान पाठ फिरवू नका.