मंदावलेला तारा

ईयोबाच्या ग्रंथांत मृगशीर्षाचें नांव आलें आहे. त्याच तारकापुंजांत काक्षी नामक तांबडा तारा आहे. यालाच पुष्कळ लोक आर्द्रेचा तारा म्हणतात. लहान दुर्बिणींतून पाहिल्यास त्याचा रंग खुलतो, परंतु तो ठिपकाच राहतो, इतका तो दूर आहे. वस्तुतः तो आपल्या सूर्याहून शेंकडों पट रुंद आहे.

सन २०१९ च्या अखेरीस तो मंदावूं लागला. २०२० च्या फेब्रुवारींत त्याचें तेज निम्म्याहूनहि कमी झालें. आतां हा फुटून नाहींसा होणार, असें कित्येक बोलून गेले. एप्रिलांत तो पूर्ववत् झाला! मोठ्या दुर्बिणींनीं शोध करितां कळलें कीं, त्याच्या पृष्ठाचा कांहीं भाग निवाला होता, आणि त्यानें स्वतःच बाहेर टाकलेल्या वायूची धूळ होऊन ती आड आली होती.

उपदेशक बंधूंनो, जो भाऊ दोन महिने उपासनेस आला नाहीं, त्याचें नांव यादींतून खोडण्याची आपणांस केवढी घाई! (मींहि तें केलें आहे, व मागाहून लाजलों आहें.) कर्ज, दारू, भाऊबंदकी, धूळ त्याच्याच हातची असेल. तरी तो विझला हें आपणांस कोणी सांगितलें? ह्या शनिवारीं त्याच्या दारीं जा. शास्त्र मागाहून उघडा. आधीं त्याचें ऐका.