उपदेशावर पोट असलेला माणूस

अमेरिकन कादंबरीतला प्रॉटेस्टंट पाळक म्हटला की बहुतेकांना एल्मर गँट्री आठवतो. सिंक्लेअर लुईसची ही कादंबरी १९२७ साली आली, बॉस्टनमध्ये तिच्यावर बंदी आली आणि गँट्री हे भोंदू धर्मोपदेशकाचं दुसरं नाव होऊन बसलं. पण या पेशाकडे अमेरिकन लेखकांनी जे निरखून पाहिलं, ते भोंदूगिरीपाशी थांबत नाही.

कॅथलिक धर्मगुरूचा अधिकार दीक्षेतून आणि विधींतून येतो. तो स्वतः कसाही असला तरी त्याने अर्पण केलेला मिस्सा बाद होत नाही. प्रॉटेस्टंट पाळकाची मुख्य मदार उपदेशावर. शिवाय तो संसारी माणूस. अमेरिकेत तर राज्यांनी एकेक करून चर्चचा सरकारी आधार काढून घेतला, सर्वांत शेवटी मॅसॅच्युसेट्सने १८३३ मध्ये. मग पाळकाची चूल मंडळीच्या वर्गणीवर पेटू लागली. हॅरल्ड फ्रेडरिकच्या ‘द डॅम्नेशन ऑफ थेरॉन वेअर’मध्ये (१८९६) चर्चचे विश्वस्त तरुण मेथडिस्ट पाळकाला बजावतात की बायकोच्या टोपीवरची फुलं काढायला सांग. पगार देणारे टोपीवरही हक्क सांगणारच! असा हा शब्दांवर जगणारा माणूस. कादंबरीकाराचं पोटही शब्दांवरच, त्यामुळे या पेशाचं दुखणं त्याला आतून कळतं.

ते दुखणं नॅथॅनिएल हॉथॉर्नने १८५० मध्येच ‘द स्कार्लेट लेटर’मध्ये मांडलं. सतराव्या शतकातल्या बॉस्टनचा पाळक डिम्सडेल व्यभिचार लपवून आहे. शिक्षा त्या व्यभिचारातल्या एकट्या हेस्टरला झाली आहे. मनाला टोचणी लागली की तो उपदेशातून सांगतो, मी पापी आहे, अधमाहून अधम आहे. श्रोते गहिवरतात; एवढा पवित्र माणूस स्वतःला पापी म्हणवतो, मग आपली काय कथा! असंच होणार हे डिम्सडेलला आधीपासून ठाऊक असतं. खरं बोलूनही खोटं पडावं, अशी ही सोय त्याला व्यासपीठानेच करून दिली आहे.

त्याच्यापुढे गँट्री सरळसोट वाटतो. प्रेमावरचं त्याचं गाजलेलं भाषण चक्क रॉबर्ट इंगरसॉल या अज्ञेयवादी वक्त्याकडून उचललेलं. लुईसचा टोला झकास आहे, पण चोर पकडला गेला की वाचकाचं काम संपतं. विल्यम फॉकनर वाचकाला इतक्या स्वस्तात सोडत नाही. ‘अ‍ॅज आय ले डाइंग’मध्ये (१९३०) व्हिटफील्ड हा पाळक मृत्युशय्येवरच्या अ‍ॅडीच्या नवऱ्यासमोर तिच्याशी केलेल्या व्यभिचाराचं पाप कबूल करायला निघतो. पूर आलेली नदी ओलांडतो, वाटेत कबुलीचे शब्द जुळवतो. पोहोचण्याआधीच अ‍ॅडी गेल्याचं कळतं. मग देवाने आपला हेतूच कृती म्हणून मान्य केला, अशी समजूत करून घेऊन तो घराला आशीर्वाद देतो. जगाला फसवण्याची त्याला गरजच पडत नाही. स्वतःची समजूत पटली की झालं.

मॅरिलिन रॉबिन्सनच्या ‘गिलियड’मधला (२००४) जॉन एम्स या सगळ्यांचा व्यत्यास. एम्स काँग्रिगेशनल पंथाचा. आपल्याकडे मुंबई-नगरला ज्यांच्या मिशनने मराठी चर्चं उभी केली, तोच हा पंथ. १९५६ साली, आयोवातल्या छोट्या गावात हा शहात्तर वर्षांचा पाळक सात वर्षांच्या मुलासाठी पत्र लिहितो. लिहिलेले उपदेश माळ्यावर खोक्यांतून पडले आहेत. त्यांत एक नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्लूने तरुण सैनिक मरत होते, तेव्हा ती युद्धखोरांना मिळालेली ताकीद आहे, असा उपदेश त्याने लिहिला होता. पण चर्चमध्ये येणार मोजकी माणसं, तीही आधीच दुःखात आणि युद्धाच्या विरोधात. त्याने तो चुलीत टाकला. परलोकात जाब द्यावा लागला तर हाच एक उपदेश पुढे करता आला असता, असं त्याला वाटतं.

ढोंगी पाळक रंगवणं सोपं असतं, वाचकही टाळी देतो. प्रामाणिक पाळकालाही शब्दांचा हिशेब चुकत नाही, हे दाखवायला अधिक हिंमत लागते. म्हणून माझ्या मते गँट्रीपेक्षा व्हिटफील्ड भयंकर आणि एम्स मोठा. पाळकांवरची एकच अमेरिकन कादंबरी वाचायची असेल, तर ‘गिलियड’ वाचा.