दुसऱ्याच्या हातचं काडतूस

भरल्या डब्यातली वस्तू मागूनही कुणी दिली नाही, तर आपल्याकडे त्याला काय म्हणतात ते सांगायला नको. अर्ध्या रात्री दार वाजवून मीठ मागितलं तरी देणारी माणसं आपण. म्हणूनच 2023 च्या जानेवारीतला तो रविवार आमच्या मनातून अजून जात नाही.

आम्ही उभयता तेव्हा मुलीकडे, अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात फिनिक्सला होतो. जावई आता तिथलाच नागरिक. संगणकाच्या नोकरीत आहे, आणि महिन्यातून एकदोनदा पिस्तुलाच्या नेमबाजीला जातो. हा नाद त्याला शेजाऱ्यानं लावला. शेजारी सत्तरीचा, गोरा, जन्मभर लेथवर उभा राहिलेला माणूस. आमच्या नातवाला लाकडाची गाडी करून देणारा. त्या रविवारी शहराच्या उत्तरेला बेन एव्हरी नावाच्या सरकारी मैदानावर स्पर्धा होती. तीही बघून घ्यावी म्हणून आम्ही गेलो. आमच्या डोळ्यांसमोर नेमबाजी म्हणजे आपल्या कोल्हापूरची राही सरनोबत: एका जागी उभी, एक हात लांबवलेला, श्वास रोखलेला. इथला प्रकार वेगळाच. माणूस धावतो काय, फळीआडून वाकतो काय, आणि घड्याळ चालू असताना पुठ्ठ्याच्या नि लोखंडाच्या लक्ष्यांवर धडाधड गोळ्या झाडतो. एका दिवसात दीडदोनशे गोळ्या सहज उडतात.

शेवटच्या फेरीआधी जावयाच्या गोळ्या संपल्या. शेजाऱ्याचं पिस्तूलही नऊ मिलिमीटरचंच, आणि त्याच्या पेटीत घरी भरलेली काडतुसं ओळीनं उभी होती. जावयानं वीसेक मागितली. शेजारी म्हणाला, "नाही." मग तो गाडीपर्यंत चालत गेला, कारखान्याचं सीलबंद, पन्नास काडतुसांचं खोकं घेऊन आला आणि जावयाच्या हातात ठेवलं. पैसे घेतले नाहीत.

विकतचं देतो, हातचं देत नाही. आपल्याकडे मानाच्या पाहुण्याला हातचं वाढतात, विकतचं पुढे करणं म्हणजे वेळ मारून नेणं. आमच्या मनात पाल चुकचुकली. कुठली, ते वाचकांना उलगडून सांगायची गरज नाही. आपलं नाव आणि पिस्तूल एका वाक्यात आलं की आपणच आधी इकडेतिकडे बघतो, ही सवय आता आपल्या अंगात मुरली आहे. घरी येताना गाडीत आम्ही ती शंका बोलून दाखवली. मुलगी म्हणाली, "अब्बा, तो त्याच्या सख्ख्या मुलालाही देत नाही. दुसऱ्यानं भरलेलं काडतूस उडवायचं नाही आणि आपण भरलेलं दुसऱ्याला द्यायचं नाही, असं हे लोक मानतात."

आमचं समाधान झालं नाही. असला कसला नियम? दोनतीन दिवसांनी आम्ही सरळ त्याच्या गॅरेजमध्ये जाऊन बसलो.

काडतूस म्हणजे चार वस्तू. पितळेची नळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू, आणि तोंडाशी बसवलेली गोळी. गोळी उडते, टोपी जळते, दारू संपते. पितळ तेवढं मागं उरतं, आणि तेच सगळ्यांत महाग. म्हणून लोक मैदानावरून रिकाम्या नळ्या वेचून आणतात, साफ करतात, साच्यात दाबून मूळ मापाला आणतात, नवी टोपी बसवतात, दारू मोजून घालतात आणि नवी गोळी दाबून बसवतात. हे सगळं टेबलाला पक्क्या केलेल्या हातदाबाच्या यंत्रावर. स्वतःपुरती काडतुसं भरायला तिथल्या केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकायची झाली तर लागतो. आपल्याकडे 1959 चा शस्त्र कायदा आहे आणि परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा गुन्हा आहे. शिवाय राहीच्या प्रकारात पॉइंट टू टूची काडतुसं लागतात. त्यांत ठिणगीचा मसाला नळीच्या काठातच भरलेला असतो, वेगळी टोपी नसते. ती एकदा उडाली की घरी पुन्हा भरता येत नाहीत. त्यामुळे हा प्रकार आपल्या कानांवर आला नाही, यात नवल नाही.

दारू मोजायचं माप ग्रेन. सात हजार ग्रेन म्हणजे एक पौंड. नऊ मिलिमीटरच्या काडतुसात साधारण चारपाच ग्रेन दारू, म्हणजे ग्रॅमच्या एकतृतीयांशाच्या आतबाहेर. शेजाऱ्यानं ती आमच्या तळहातावर ओतून दाखवली. चिमूटभर मोहरीएवढीही नाही. मग एक भरलेली नळी दिव्याखाली धरून म्हणाला, "आत बघा." नळी अर्धीसुद्धा भरलेली नव्हती. चुकून दुप्पट दारू पडली तरी ती आत मावते. आणि दुप्पट दारूनं पिस्तूल हातात फुटू शकतं. अजिबातच पडली नाही तरी धोका. नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि अडकून बसते. आवाज फुसका येतो. तो ओळखू आला नाही आणि मागोमाग पुढची गोळी झाडली, तर नळी फाटते. म्हणून मैदानावर पंच कान देऊन असतात, आवाज हलका आला की ओरडून थांबवतात.

मग त्यानं त्या नळीवर गोळी बसवली आणि विचारली ती गोष्ट आम्ही अजून घोळवतो आहोत. "आता सांगा, आत किती आहे?"

सांगता येत नाही. बाहेरून चकचकीत, सुबक. शेजारी ठेवलेल्या शंभरांसारखं. आम्ही म्हटलं, वजन करा. तो हसला. दोन पितळी नळ्यांच्या वजनातच कधीकधी इतका फरक असतो की चार ग्रेन दारू त्यात हरवून जाते. म्हणजे तोंड बंद झालं की ते काडतूस कसं भरलं गेलं याचा साक्षीदार जगात एकच, भरणारा. आणि तोही त्या क्षणी शुद्धीवर असेल तर.

त्याचं यंत्र डिलन कंपनीचं, ज्यात खालची चकती हातानं फिरवावी लागते. दांडा ओढायचा, चकती फिरवायची, दांडा ओढायचा. चकती फिरवायची राहिली आणि दांडा पुन्हा ओढला, तर त्याच नळीत दुसऱ्यांदा दारू पडते. एका रात्री असं झालं, की मधेच बायकोनं हाक मारली. तो उत्तर देऊन पुन्हा कामाला लागला. अर्ध्या तासानं मनात आलं, हाकेनंतर आपण चकती फिरवली होती का? आठवेना. तोवर भरलेली काडतुसं डब्यात एकमेकांत मिसळली होती, 280. त्यानं ती सगळी खोलली. त्यासाठी पोकळ डोक्याची हातोडी असते. एकेक काडतूस तिच्यात अडकवायचं, जमिनीवर आपटायचं, गोळी आणि दारू वेगळी पडते. तीन संध्याकाळ हे काम चाललं. आम्ही विचारलं, मग सापडली दुप्पट दारू? तो म्हणाला, "नाही. 280 च्या 280 बरोबर होती."

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा जावई म्हणाला, म्हणजे मेहनत फुकट. आम्हाला तसं वाटलं नाही. हे प्रामाणिकपण कुणाला दिसणारं नव्हतं, उघडकीला येण्याची भीती नव्हती, आणि शेवटी ते गरजेचंही नव्हतं असं निघालं. त्याला फक्त स्वतःच्या आठवणीवर शक आला, आणि त्या शकाची किंमत त्यानं स्वतः मोजली. पदरचा शक दुसऱ्याच्या नावावर टाकणारी माणसं आम्ही पुष्कळ पाहिली. त्या रविवारी गाडीत आम्ही दुसरं काय केलं होतं?

मैदानावर काडतुसं तपासतातही. पण काय तपासतात? गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला फुटांमध्ये, दोहोंचा गुणाकार, भागिले हजार. हा आकडा किमान 125 लागतो, वरच्या वर्गासाठी त्या देशातल्या मोठ्या संघटनेच्या नियमात 165. 124 ग्रेनची गोळी 1010 फुटांनी गेली तर 125.2, म्हणजे जेमतेम पास. दारू कमी तर धक्का कमी, नेम लवकर परत येतो. म्हणून काठावर भरण्याचा मोह सगळ्यांना. पंच खेळाडूची काही काडतुसं ताब्यात घेतात, एखादं खोलून गोळी तोलतात, काही यंत्रासमोर झाडून वेग मोजतात. यातून लबाडी पकडली जाते. हयगय पकडली जात नाही, कारण ती दोनशेतल्या एकातच असते आणि ते एक पेटीत राहिलेलं असतं.

काडतुसाच्या पोटात काय आहे या प्रश्नावर आपल्या देशात एकदा केवढं रान पेटलं, हे शाळेत आपण सगळेच शिकलो. पण एक तपशील आम्हाला त्या गॅरेजमध्ये बसल्यावर नव्यानं बोचला. चरबीची कुजबुज पसरल्यावर जानेवारी 1857 च्या अखेरीस सरकारनं हुकूम काढला होता, की काडतुसं विनाचरबीची द्या, शिपायांनी आपल्याला चालेल तो लेप बाजारातून आणून आपल्या हातानं लावावा. म्हणजे उपाय हाच होता, आपलं आपण भरा. पण तोवर वेळ गेली होती. 24 एप्रिलला मेरठला 90 पैकी 85 स्वारांनी काडतुसं घ्यायला नकार दिला. त्यांत हिंदू होते, मुसलमानही. ती काडतुसं जुन्याच तऱ्हेची होती. पण देणाऱ्या हातावरचाच विश्वास उडाला, तर आत काय आहे याला अर्थ उरत नाही.

आमच्या आजोबांकडे रानडुकरांसाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. ते स्वतः दारू घालत, स्वतः ठासत, आणि गज नळीत सोडून बाहेर किती राहतो ते बोटांनी मोजत. बंदूक भरलेली आहे की रिकामी, गज सांगायचा. तरीही भरलेली बंदूक त्यांनी भावाच्या हातात कधी दिली नाही. "रिकामी नेस, तू भर," म्हणत. लहानपणी आम्हाला तो त्यांचा तुसडेपणा वाटायचा. आणि घरात लोणच्याच्या बरणीत दादीशिवाय कुणाचा हात जायचा नाही, तेही आठवलं. फक्त लोणचं नासलं तर बरणी जाते, डोळा जात नाही.

मग कारखान्याचं खोकं कसं चालतं? तिथंही माणसंच आहेत, त्यांनाही बायका हाका मारत असतील. हा प्रश्न आमच्या घरातून आला, आणि बिनतोड होता. शेजाऱ्यानं उत्तर दिलं ते असं, की खोक्यावर गटाचा नंबर असतो, चूक निघाली तर सगळा गट परत मागवता येतो. "माझी चूक मी कुठून परत मागवू? तुमच्या जावयाचा हात गेला, तर रोज सकाळी तुमची मुलगी मला कुंपणापलीकडे दिसणार." उत्तर खरं आहे, पण आम्हाला पुरं पडत नाही. अनोळखी माणसाची चूक सोसता येते आणि ओळखीच्याची सोसवत नाही, म्हणून जिवाची वस्तू अनोळखी माणसाकडून घ्यायची; असं करत गेलो तर शेजार कशासाठी उरतो? दुसरीकडे, ज्याची खात्री आपल्याला दुसऱ्यापर्यंत पोचवताच येत नाही, ती वस्तू केवळ प्रेमापोटी पुढे करणं हेही इमानाचं काम नव्हे. देण्यातही एक हयगय असते. आमच्या घरातून अजूनही पहिल्या बाजूनं बोललं जातं. आम्ही दुसऱ्या बाजूला सरकलो आहोत.

जावई आता स्वतः भरायला शिकतो आहे. एकेक टप्पा वेगळा करायच्या साध्या यंत्रावर. पन्नास नळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून, गोळी बसवण्याआधी प्रत्येकीत दिवा मारून. नातवाला त्या खोलीत मज्जाव, कारण जळलेल्या टोपीच्या काजळीत शिसं असतं. हात धुतल्याशिवाय जावई त्याला उचलतही नाही. परवा फोन आला, पहिली पन्नास भरली, वीस झाडली.

आम्ही विचारलं, "शेजाऱ्यानं एखादं झाडून पाहिलं का?"

"नाही अब्बा. हातही लावला नाही. माझ्या मागं दोन पावलांवर उभा होता, कान देऊन. प्रत्येक आवाजाला मान हलवायचा, मग मी पुढचं झाडायचो."