दानाचा धर्म आणि कामाचा हक्क

पंढरीच्या यात्रेचे वर्णन करणारे लेखक चंद्रभागेचे वाळवंट, दिंड्या, पताका आणि टाळमृदंगांचा घोष यांविषयी भरभरून लिहितात; परंतु घाटांवर आणि देवळाकडे जाणाऱ्या वाटांवर फडके पसरून बसलेल्या अंध, पंगू व व्याधिग्रस्त माणसांच्या रांगेसाठी त्यांच्या लेखणीतून क्वचितच दोन ओळी उतरतात. वारकरी स्नान करून येतो, कनवटीचे नाणे काढतो, समोरच्या फडक्यावर टाकतो आणि पुढे जातो. त्याच्या मनात दुष्टावा नसतो, तुच्छताही नसते; उलट आपल्या हातून काही सत्कृत्य घडले या समाधानाने तो द्वादशीचे पारणे सोडतो. मात्र ज्याच्या फडक्यावर ते नाणे पडले, तो मनुष्य पुढच्या एकादशीस त्याच जागी बसलेला असतो. दानाने देणाऱ्याचे कल्याण होते हे क्षणभर मान्य केले, तरी घेणाऱ्याचे कोणते कल्याण होते, आणि ज्याचा एखादा अवयव दुबळा आहे त्यास समाजाने जे देणे लागते ते नाणे आहे की काम आहे, हा प्रश्न मागे उरतोच. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

आपल्या परंपरेत दानाचा विचार थोडाथोडका झालेला नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत देश, काल व पात्र यांच्याबरोबर आणखी एक अट आहे: ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही अशास ते द्यावे. देणाऱ्याच्या मनातील लोभ नष्ट करण्यास या अटीइतकी चांगली अट दुसरी नाही. तथापि, तीच अट घेणाऱ्याच्या बाजूने पाहिली तर वेगळी दिसते. परतफेड करण्यास जो असमर्थ, तो दानास योग्य. म्हणजे दानाची पात्रता टिकविण्यासाठी असमर्थताही टिकली पाहिजे! जो मनुष्य आपले व्यंग झाकतो त्याचे फडके रिकामे राहते, आणि जो ते उघडे करून दाखवितो त्याचे भरते. आम्ही नाणे टाकतो ते माणसाकडे पाहून नव्हे, त्याच्या जखमेकडे पाहून. अशा व्यवहारात जखम हीच त्याची मिळकत होऊन बसते. आणि मिळकत कोणी सुखासुखी सोडीत नाही.

बाराव्या शतकातील यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीझ याने दानाच्या आठ पायऱ्या मांडल्या. कुरकुरत देणे ही त्याच्या मते सर्वांत खालची पायरी. देणाऱ्यास घेणारा व घेणाऱ्यास देणारा ठाऊक नसावा, ही बरीच वरची. पण तीही सर्वोच्च नव्हे. सर्वोच्च पायरी कोणती? गरजवंतास कर्ज द्यावे, आपल्या धंद्यात भागी द्यावी किंवा काम मिळवून द्यावे, की जेणेकरून त्यास पुन्हा हात पसरावा लागू नये. गीतेने देणाऱ्याचे मन शुद्ध केले. या विचाराने घेणाऱ्याचे उद्या कसे होईल याची चौकशी केली. दोन्ही विचारांत विरोध नाही. परंतु पहिल्यावर थांबणाऱ्याने दुसऱ्याची वाट अडविली, असे मात्र पुष्कळदा घडते.

येथे एका घाईच्या निष्कर्षापासून सावध राहिले पाहिजे. दान माणसास परावलंबी करते, म्हणून दान बंद करावे, असे म्हणणारे विद्वान थोडे नाहीत. मुंबई राज्याने १९५९ साली भिक्षेस प्रतिबंध करणारा कायदा केला तो याच वृत्तीने. भिक्षा मिळविण्याच्या हेतूने व्रण, जखम वा व्यंग दाखविणे हेही त्या कायद्याच्या व्याख्येत भिक्षा मागणेच ठरले. आणि जो अंध, पंगू अथवा कायमचा असहाय, त्यास अनिश्चित काळ डांबून ठेवण्याचीही सोय त्यात होती. दिल्लीसही हा कायदा लागू करण्यात आला होता. तेथील उच्च न्यायालयाने २०१८ साली भिक्षेस गुन्हा ठरविणारी त्यातील कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरविली. या कायद्याची चूक कोठे होती? त्याने हातातील कटोरा काढून घेतला, पण त्या हातात अवजार दिले नाही. उपाशी माणसास आज अन्न न देता उद्याच्या स्वावलंबनाचे व्याख्यान देणे ही नीती नव्हे, निष्ठुरता होय.

पंढरपुरास धर्मशाळा बांधणाऱ्या गाडगे महाराजांना ही गोष्ट पुरती उमजली होती. स्वतः ते कोणाच्या दारची भाकर फुकट खात नसत. अंगण झाडून, लाकडे फोडून मगच तुकडा घेत. परंतु स्वतःसाठी लाविलेला हा नियम त्यांनी लुळ्यापांगळ्यांवर लादला नाही. यात्रांतून त्यांच्यासाठी अन्नाच्या पंगती घातल्या. त्यांच्या नावाने जी दशसूत्री प्रसिद्ध आहे, तिच्यात भुकेल्यास अन्न हे एक सूत्र आहे, अपंगास व रोग्यास औषधोपचार हे दुसरे आहे, आणि बेकारास रोजगार हे तिसरे आहे. ही तिन्ही निराळी सूत्रे आहेत. एकाचे देणे दुसऱ्याच्या खात्यावर मांडता येत नाही. अन्न दिले म्हणून रोजगाराचे ऋण फिटत नाही, आणि रोजगार द्यावयाचा आहे म्हणून अन्न रोखता येत नाही.

मग रोजगारात असे काय आहे, की जे अन्नात नाही? अन्नाने मनुष्य जगतो. कामाने तो इतरांच्या जगण्यात शिरतो. वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर १९५१ साली बाबा आमटे यांनी साधनाताई व मूठभर कुष्ठरोगी यांच्यासह आनंदवन वसविले, तेव्हा त्या रोग्यांस समाजाने भीक घालून दूर बसविले होते. ज्यांच्या हातांची बोटे झडली होती, त्यांनी विहीर खणली, शेत केले, पुढे माग चालविले. त्या शेतातला भाजीपाला गाव विकत घेईल की नाही, हीच खरी परीक्षा होती. कारण भीक घालण्यास स्पर्श लागत नाही, परंतु विकत घेण्यास लागतो. विकत घेणारा मनुष्य नकळत एक गोष्ट कबूल करतो: तुझ्याजवळ जे आहे त्याची मला गरज आहे. ही कबुली कितीही नाणी टाकली तरी मिळत नाही. दान म्हणते, मी तुझ्यावाचून राहू शकतो, तू माझ्यावाचून राहू शकत नाहीस. वेतन म्हणते, आपणां दोघांनाही एकमेकांची गरज आहे.

येथवरचा विचार मान्य करणारा वाचकही दोन आक्षेप घेईल, आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा. कामाने माणसास प्रतिष्ठा येते असे म्हटले, तर ज्यास कोणतेच काम करता येत नाही त्यास प्रतिष्ठा नाही काय? अंथरुणास खिळलेला, बुद्धीने बालकच राहिलेला, असा मनुष्य मग कोणत्या तोंडाने जगावा? या आक्षेपाचे उत्तर शोधण्यास महाद्वाराच्या नामदेव पायरीपाशी जावे. तेथे चोखामेळ्याची समाधी आहे. चोखोबा मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करीत असता भिंत कोसळून तिच्याखाली गेले. काम त्यांनी आयुष्यभर केले. त्या कामाने त्यांस देवळाचे दार उघडले नाही. त्यांच्या जातिबांधवांसाठी ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींस १९४७ साली पंढरपुरात उपोषण करावे लागले. तेव्हा श्रम केले की प्रतिष्ठा आपोआप येते, हे खरे नव्हे. वेठीचा श्रम तर प्रतिष्ठा हिरावून घेतो. खरा क्रम उलट आहे. मनुष्य प्रतिष्ठित आहेच, म्हणून त्यास कामाचा हक्क आहे. तो काम करील तर प्रतिष्ठित ठरेल, असे नव्हे. जो काहीच करू शकत नाही त्याची प्रतिष्ठा तसूभरही कमी होत नाही. त्याच्या बाबतीत आपले ऋण कामाऐवजी सेवेच्या रूपाने फेडावयाचे असते, इतकेच. ज्या क्षेत्रात देवास विटेवर तिष्ठत ठेवून पुंडलिक आईबापांची सेवा करीत राहिला असे लोक मानतात, तेथे सेवेची थोरवी निराळी सांगावयास नको.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. धडधाकट पदवीधर तरुण जेथे कामाच्या शोधात उन्हातान्हात हिंडत आहेत, तेथे अपंगासाठी जागा राखणे हा त्या तरुणांवर अन्याय नव्हे काय? या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे: काम हे प्रथम धडधाकटांचे, आणि उरलेसुरले इतरांचे. हे कोणी ठरविले? योग्यतेवर ठरवावयाचे असेल तर योग्यता त्या त्या कामापुरतीच पाहिली पाहिजे. हिशेबाच्या वहीपुढे बसलेला लंगडा मनुष्य तेथे लंगडा नसतो; आणि जेथे यंत्रमागाच्या खडखडाटात कोणासच काही ऐकू येत नाही, तेथे बहिऱ्यास उणे ठरविण्याचे कारण काय? शिवाय बेकार तरुण आणि अपंग यांस आम्ही परस्परांचे प्रतिस्पर्धी मानतो, परंतु दोघांचे दुःख एकच आहे. तुझ्यावाचून आमचे काही अडलेले नाही, हे वाक्य दोघांनाही रोज ऐकावे लागते. आणि जो तरुण असून अपंगही आहे, त्यास ते दुप्पट मोठ्याने ऐकू येते. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले. त्यांपैकी कामकरी होते केवळ ३६ टक्के, आणि स्त्रियांत तर २३ टक्केच. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखण्यास सांगितले आहे. शंभरांतील शहाण्णव जागा मोकळ्या असता उरलेल्या चार जागांमुळेच आपण बेकार राहिलो, असे मानणाऱ्या तरुणाने आपला राग भलत्याच दारावर काढला असे म्हणावे लागेल.

याच कायद्यात सहा ते अठरा वर्षे वयाच्या, ठराविक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलामुलींस मोफत शिक्षणाचा हक्क दिलेला आहे. परंतु अठरा वर्षे पूर्ण झाली त्या दिवसाचे काय? पंढरपुरातच प्रार्थना समाजाने १८७५ साली टाकलेल्या अर्भकांसाठी बालकाश्रम काढला. अर्भक जगविणे हा पहिला धर्म खराच. परंतु जगलेले अर्भक एक दिवस तरुण होते, आणि आता मी काय करू, असे विचारते. शाळेचे दार मागे बंद झाले आणि कारखान्याचे पुढे उघडले नाही, म्हणजे त्या तरुणाने आईच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून राहावयाचे, अशीच रीत अजून पुष्कळ घरांत आहे. या कोपऱ्यातील तरुण फडके पसरून बसलेला नसल्यामुळे आम्हांस दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

काम मागणाऱ्यास काम दिले पाहिजे, हा विचार महाराष्ट्रास परका नाही. संतवाङ्मयाचे अभ्यासक असलेले वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली, १९७२ च्या दुष्काळात तिचा कस लागला, आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मात्र तेथील काम मुख्यतः माती खणण्याचे व खडी फोडण्याचे, आणि मजुरी खणलेल्या मातीच्या मापावर. ज्याचा एक हात लुळा, त्याच्यासाठी तो हक्क कागदावर उरला. यावरून एक मोठे तत्त्व निघते. काम देणे म्हणजे आहे ते काम पुढे ढकलणे नव्हे. माणसाकडे पाहून कामाची घडण बदलणे होय. वाहन, कृत्रिम अवयव, उतरणीची वाट, शिकविणारा गुरू, मदतीस एक सोबती, वापरता येईल असे शौचालय, या सेवा नसतील तर नोकरी ही थट्टा ठरते. त्यांस खर्च लागतो, हेही नाकारण्यात अर्थ नाही. दोन नोकरांवर चालणाऱ्या दुकानदारावर तो सारा भार टाकणे न्यायाचे होणार नाही. तो सार्वजनिक तिजोरीने उचलला पाहिजे, कारण ऋण एकट्या दुकानदाराचे नाही, सर्वांचे आहे.

महिपतींच्या भक्तविजयात कूर्मदासाची कथा आहे. पैठणचा हा भक्त, हातपाय नसलेला. पंढरीस जावयाचे म्हणून तो लोळत, खरडत निघाला आणि लऊळपर्यंत आला. एकादशी जवळ आली, वाट सरेना. तेव्हा पांडुरंगच त्याच्या भेटीस तेथे गेला, असे परंपरा सांगते. या कथेत लोक देवाची कृपा पाहतात ते योग्यच. परंतु तिच्यात आणखी दोन गोष्टी आहेत. कूर्मदास घरी बसून राहिला नाही. जेवढी वाट आपल्याने होईल तेवढी त्याने स्वतः चालली. आणि उरलेली वाट चालून जाणे हे आपले काम आहे, यात आपला कमीपणा नाही, असे देवाने मानले. त्याने कूर्मदासाकडे द्रव्य पाठविले नाही. तो स्वतः जागचा हलला.

समाजास हलावयाचे आहे ते इतकेच. तुळशीच्या माळा ओवणे, बुक्का व अष्टगंध पुड्यांत भरणे, घोंगडी विणणे, टाळांच्या दोऱ्या वळणे, उपाहारगृहाचा हिशेब ठेवणे, यात्रेकरूंस वाटा सांगणे, अशी शेकडो कामे पंढरीच्या पेठेत वर्षभर चालतात. लक्षावधी यात्रेकरूंच्या खरेदीवर ती उभी आहेत. त्यांतील कितीतरी बसून करता येतात, कितीतरी न पाहता, कितीतरी न ऐकता. वारकऱ्याने नाणे टाकू नये असे आमचे म्हणणे नाही; आजच्या भुकेस ते हवेच आहे. परंतु ज्याच्या फडक्यावर नाणे टाकावयाचे, त्याच्याच हातची माळ विकत घेता येईल अशी पेठ जोवर आम्ही उभी करीत नाही, तोवर ते नाणे दानाचे नसून थकलेल्या ऋणाच्या व्याजाचे आहे, आणि मुद्दल अजून तसेच आहे, एवढे प्रत्येक देणाऱ्याने मनाशी समजून असावे.