विश्वासाचे तीर्थ

देवळात मिळालेले तीर्थ आपण तळहातावर घेऊन निःशंक मनाने प्राशन करतो. त्यात काय आहे, असे कोणी विचारीत नाही. रोगीही औषध याच भावनेने घेतो. मात्र ते औषध समुद्रापलीकडून आलेले असेल, तर या विश्वासास आधार कोणता, हा प्रश्न आम्हांस विचारणीय वाटतो.

परदेशी असलेल्या मुलाबाळांकडून गोळ्या मागविण्याची चाल आपल्या मंडळींत आहे. त्यातील धोका उघड आहे. येथील डॉक्टरांस ते नाव व ती मात्रा पुष्कळदा परिचित नसते. प्रवासातील उष्णतेने औषधाचा गुण उणावू शकतो. आणि अपाय झाल्यास दाद कोणाकडे मागावी, हे उमगत नाही. परंतु हैदराबादकरांनी दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९६१ साली स्थापन झालेल्या आय. डी. पी. एल. या सरकारी संस्थेचा कारखाना बालानगरास उभा राहिला आणि पुढे हे शहर औषधांचे आगर बनले. येथील औषधे देशोदेशी जातात. जगातील कित्येकांचे परदेशी औषध म्हणजे आपलेच औषध होय.

२०२२ साली गॅम्बिया देशात खोकल्याचे औषध घेतलेली साठांहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. ते औषध हरियाणात तयार झाले होते. जागतिक आरोग्य संघटनेने करविलेल्या तपासणीत त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष आढळले. याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली १४ रुग्ण प्राणास मुकले होते व न्यायमूर्ती लेंटिन यांनी त्याची चौकशी केली होती. धडा घरातच मिळाला होता. तो आपण विसरलो.

१ जून २०२३ पासून निर्यातीचे खोकल्याचे औषध आधी प्रयोगशाळेत तपासून घेण्याचे बंधन आले. देशात विकावयाच्या औषधास ते बंधन नव्हते. २०२५ साली मध्य प्रदेशात, मुख्यतः छिंदवाडा जिल्ह्यात, वीसहून अधिक बालके त्याच विषाने गेली. त्यांतील कित्येकांवर नागपुरास उपचार चालले होते.

परक्याचे लेकरू व आपले लेकरू असा भेद धर्मास मान्य नाही. घेणाऱ्याने सावध असावे हे खरे. परंतु बाटलीतील विष मातेस दिसत नाही. म्हणून जो जाणू शकतो, त्याच्यावरच अधिक भार येतो. आपल्यातील जे तरुण औषधांच्या कारखान्यांत वा प्रयोगशाळांत काम करीत असतील, त्यांनी तपासणीच्या कागदावर सही करताना क्षणभर थांबावे. तीर्थ घेणारा डोळे मिटून घेतो. देणाऱ्याने ते उघडे ठेविले पाहिजेत.