अंदाजाचे पाप

सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला आणि तेव्हापासून तारीख, मुदत, कैफियत हे शब्द ज्या मुलखात घरोघर कानी पडतात, त्या बेळगाव-निपाणीकडील मराठी मुलास वकिलीची ओढ लागली, तर नवल ते कसले? मात्र बारावीनंतरच्या पंचवार्षिक अभ्यासक्रमाचा विचार करताच त्याच्यापुढे दोन भिन्न शिरस्ते उभे राहतात. बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठासारख्या संस्थांची 'क्लॅट' इंग्रजीत, दोन तासांची, १२० प्रश्नांची. बरोबर उत्तरास एक गुण, चुकीच्यास पाव गुणाचा दंड, कोऱ्यास शून्य. महाराष्ट्राच्या सीईटीत चुकीला दंडच नाही.

चार पर्याय समोर आहेत, खरा कोणता हे ठाऊक नाही, आणि बॉलपेनने भरलेले वर्तुळ पुसता येत नाही. अशा क्षणी पेन टेकवणे हे असत्यभाषण ठरते काय? मनुस्मृतीचा आठवा अध्याय सभेत मौन धरणारा आणि विपरीत बोलणारा अशा दोघांनाही दोषी धरतो. उलट निपाणीजवळच्या स्तवनिधी क्षेत्रामुळे या भागाला परिचित असलेली जैन परंपरा भाषासमितीला, म्हणजे तोलून बोलण्याला, मुनिधर्माचे अंग मानते. माझ्या मते मनूचा रोष जाणत्याच्या मौनावर आहे. अजाणत्याने गप्प राहावे, यात दोन्ही परंपरांचा विरोध उरत नाही.

पण हिशेब वेगळेच सांगतो. डोळे मिटून सोळा वर्तुळे भरली, तर सरासरीने चार बरोबर येतात, बारा चुकतात, आणि चारांतून तीन वजा जाऊन एक गुण पदरात पडतो. म्हणजे ज्या दंडाचा एवढा धाक, तो अज्ञानाला दंड करीतच नाही, उलट किंचित बक्षीस देतो! एक पर्याय निश्चितपणे बाद करता आला, तर बारा प्रश्नांत चार बरोबर, आठ चूक, आणि दोन गुण हाती. या दुसऱ्या प्रकाराला मी अंदाज म्हणणार नाही. नैयायिक ज्याला शेषवत् अनुमान म्हणतात, त्याच्याच वाटेवरचे ते एक अपुरे पाऊल आहे, आणि ते टाकणाऱ्यास दोष लावण्याचे कारण नाही. निव्वळ डोळे मिटून भरणाऱ्याची गोष्ट निराळी, कारण गुणानुक्रमाच्या परीक्षेत त्याच्या नशिबाची किंमत दुसरा कोणीतरी आपल्या जागेने मोजतो. तेव्हा दोष परीक्षार्थ्याच्या सदसद्विवेकावर लोटण्याऐवजी परीक्षकांनी दंड पाव गुणावरून तिसऱ्या हिश्श्यावर न्यावा. मग आंधळ्या उत्तराचा सरासरी लाभ बरोबर शून्य होतो.